मी डनॅरिकचा किताब, मुक्काम पोर्टलॉरी

नमस्कार करायला मला हात नाहीत, तेव्हा तो तोंडीच घ्या. तसं मला तोंडही नाही म्हणा. पण चारशे वर्षं माणसांच्या तोंडी राहिलोय, त्या जोरावर आज थोडं बोलून घेतो. मी एक किताब. 'लॉर्ड डनॅरिक' म्हणतात तो. माणूस नव्हे, नुसता किताब. एका केल्डरच्या अंगावरून उतरायचं आणि दुसऱ्या केल्डरच्या अंगावर चढायचं, एवढंच माझं काम.

लोकांना वाटतं, किताब म्हणजे भिंतीवरची ढाल, नाहीतर पेटीतलं ते लाख लावलेलं पत्र. छे हो! ते माझे कपडे. मी स्वतः असतो माणसापाशी. माझा धनी गेला की पापणी लवायच्या आत मी पुढच्या वारसावर जाऊन बसतो. मग तो वारस जेवत असो, भांडत असो, नाहीतर पाळण्यात बोट चोखत असो. इतरांना कळो न कळो, मला बरोबर कळतं. फक्त सांगता येत नाही. माझं सगळं दुखणं ते हेच.

माझा जन्म चिखलात झाला. राजा शिकारीला आला होता आणि त्याचा घोडा आमच्या दलदलीत पोटापर्यंत रुतला. ह्यू केल्डर नावाच्या जमीनदारानं तो खांदा लावून बाहेर काढला. त्यात त्याचे दोन्ही जोडे गेले ते गेलेच. राजाला हसू आवरेना. म्हणाला, "अनवाणी माणसाला काहीतरी द्यायला हवं," आणि मला दिलं. कारकून पत्र लिहायला बसला. विचारतो, "तुमच्यामागं कोणाला?" ह्यूला पाच मुली, मुलगा एकही नाही. तो डोकं खाजवत उभा. मागं त्याची बायको उभी होती, तिनं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की बिचारा ओरडूनच म्हणाला, "जो कोणी वारस असेल त्याला! मुलगा असो, मुलगी असो!" कारकुनानं तसं लिहून टाकलं.

तेव्हापासून मला बायकांचं वावडं नाही. उलट खरं सांगू का, मला वाचवलं ते बायकांनीच. पुढे राजाची गादी मागणाऱ्या एका प्रिन्सचं बंड झालं, तेव्हा माझा सहावा धनी तलवार घेऊन निघाला होता. हरणाऱ्या बाजूकडून, अर्थातच. त्याच्या बायकोनं त्याला ओटच्या पिठाच्या कोठीत कोंडलं आणि किल्ली घेऊन माहेरी गेली. चार दिवसांनी परत आली, तेव्हा लढाई आटपली होती. बाकीच्या लॉर्डांचे किताब गेले, काहींची मुंडकी गेली. आमचा बाहेर आला तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन, शिंकत. जन्मभर त्यानं बायकोला क्षमा केली नाही आणि जन्मभर तिच्याच हातची पेज खाल्ली.

हे सगळं ओझरतं सांगितलं. मला खरं सांगायचंय ते इशबेलचं.

माझा नववा धनी शोल्टो. वय तेवीस. देखणा म्हणावा असा नव्हता. कान मोठे, चालताना गुडघे एकमेकांवर आपटायचे. पण हसला की समोरच्याला हसावंच लागायचं. आमची गढी डनॅरिकला, आणि तिथून चार मैलांवर समुद्रकाठी पोर्टलॉरी. गाव कोळ्यांचं, बंदर गढीच्या मालकीचं. उन्हाळ्यात हेरिंग लागली की सगळ्या गावच्या बायका बंदरावर ओळीनं उभ्या राहायच्या. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, हातात आखूड सुरी. मासळी फाडायची, आतडी काढायची, मीठ लावून पिंपात भरायची. त्या ओळीत इशबेल मेयर उभी असायची. वय एकोणीस.

पोर्टलॉरीत निम्मं गाव मेयर. इशबेल मेयर म्हटलं तर सहाजणी वळून बघतील. म्हणून घराघराला एक उपनाव असतं. कोणी 'टोपी', कोणी 'लाल्या'. हिचं घराणं 'बो'. इशबेल मेयर बो. का 'बो', ते त्यांच्यातही कोणाला ठाऊक नव्हतं.

शोल्टो बंदराचा धक्का तपासायला म्हणून पहिल्यांदा आला. मग रोजच तपासायला लागला.

"लॉर्डसाहेब," इशबेल सुरी न थांबवता म्हणाली, "तो धक्का दगडाचा आहे. रोज बघितला नाही तरी पळून जाणार नाही."

"मी धक्का बघायला येत नाही."

"मग हेरिंग बघायला येता? घ्या," म्हणून तिनं एक त्याच्या अंगावर फेकली. बायका खिदळल्या. शोल्टोनं ती मासळी खिशात घातली आणि गढीवर घेऊन गेला. माझी काय अवस्था झाली असेल विचार करा. दोनशे वर्षांचा खानदानी किताब मी, आणि अंगरख्याला हेरिंगचा वास. पण खोटं कशाला बोलू, मलाही ती पोरगी आवडली होती.

शोल्टोच्या आईला, थोरल्या बाईसाहेबांना, हे कळलं असतं तर गढीचं छप्पर उडालं असतं. चर्चमध्ये लग्न करायचं तर तीन रविवार सगळ्यांसमोर पुकारा करावा लागतो. म्हणजे पहिल्याच रविवारी बोंब. पण आमच्याकडे त्या काळी लग्नाला पाद्री हवाच असं नव्हतं. दोघांनी साक्षीदारांसमोर एकमेकांना नवराबायको म्हटलं की झालं लग्न. कायद्यानं पक्कं. जूनमधल्या एका दुपारी, पिंपं बनवणाऱ्या डॉड फिंडलेच्या कारखान्यात शोल्टोनं इशबेलचा हात धरला, चिंध्यांसकट, आणि म्हणाला, "ही माझी बायको." ती म्हणाली, "हा माझा नवरा." साक्षीला डॉड आणि इशबेलची बेला आत्या. बेला आत्या रडली, मग व्हिस्की प्यायली, मग पुन्हा रडली. मी तिथं होतो. माझ्यादेखत झालंय ते.

आता चर्चच्या पंचांना असली लग्नं मुळीच खपायची नाहीत. आम्हाला न विचारता लग्न केलंत म्हणजे काय? हंगाम संपला, कुणकुण लागली आणि ऑक्टोबरात पंचांनी दोघांना बोलावलं. रविवारी सगळ्या गावासमोर उभं केलं. शोल्टो आपला ताठ उभा. मी त्याच्या अंगावर असल्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. पण इशबेलच्या कानात नुसतं वारं भरलं होतं. पोटात चार महिन्यांचं पोर, सगळं गाव टक लावून बघतंय. लग्नाशिवाय पोर झालेल्या पोरींना ज्या जागी उभं करायचे, त्याच जागी तिला उभं केलं होतं. लहानपणापासून तिनं ती जागा बघितली होती. पाद्री काय वाचतोय ते तिला ऐकूच आलं नाही.

बाहेर आल्यावर शोल्टो म्हणाला, "झालं! आता आपल्याला कोणी वेगळं करणार नाही. आज आईला सांगतो." सांगितलंही. बाईसाहेब आठ दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

नवव्या दिवशी भर दुपारी वादळ उठलं. परत येणारी एक होडी बंदराच्या तोंडाशी खडकावर अडकली. शोल्टो आणि डॉड छोटी नाव घेऊन दोर द्यायला गेले. त्या होडीतली पाचही माणसं वाचली. हे दोघे नाही आले.

मी लगेच निघालो वारसाकडे. पण जाऊ कुठे? वारस अजून आईच्या पोटात! पाच महिने मी अधांतरी होतो. माझ्या आयुष्यात तसं कधी झालं नव्हतं. इशबेलच्या झोपडीच्या धुराड्याभोवती घुटमळत राहिलो, म्हणा ना.

त्या पाच महिन्यांतच सगळं बिघडलं. बाईसाहेबांचा मुलगा गेला होता. त्यांचं रडणं मी गढीवर जाऊन ऐकलंय, त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्यांना ती कोळीण डोळ्यांसमोर नको होती. त्यांचा वकील झोपडीत आला. टोपीसुद्धा काढली नाही त्यानं.

"लॉर्डसाहेबांची बायको म्हणवतेस म्हणे तू?"

"आहेच मी."

"पंचांनी तुला चर्चमध्ये उभं केलं होतं ना?"

"हो."

"मग मला सांग, लग्न झालेल्या बाईला कधी तिथं उभं करतात का?"

इशबेलनं तरी कधी तसं बघितलं नव्हतं. 'व्हिस्कीबाज बेलाची साक्ष कोण धरणार?' एवढं म्हणून वकील गेला. डॉड समुद्राच्या तळाशी. आणि इशबेलच्या मनात ते पक्कं बसलं, की आपण उभ्या राहिलो म्हणजे आपलं लग्न झालंच नव्हतं. शोल्टोनं फसवलं असं तिला कधीच वाटलं नाही. त्यालाही ठाऊक नसणार, असंच म्हणायची. त्या दिवसापासून तिनं चर्चची पायरी चढली नाही.

मार्चमध्ये ग्रीझेल जन्मली. लालभडक, किंचाळत. मी झटकन तिच्यावर जाऊन बसलो. काय सांगू, एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं! ओल्या लोकरीत गुंडाळलेली, मेणबत्तीएवढ्या हातांची लेडी डनॅरिक. आणि तिकडे गढीवर शोल्टोचा चुलतभाऊ आर्ची लॉर्ड डनॅरिक म्हणून गादीवर बसला. एडिंबराच्या राजवाड्यात लॉर्डांची हजेरी घेत, तेव्हा 'डनॅरिक' म्हटलं की तो 'हजर' म्हणायचा. कोणी हरकत घेतली नाही की चालतं आमच्याकडे. इकडे मी पोर्टलॉरीत, दात येणाऱ्या पोरीबरोबर रात्रंदिवस कुरकुरतोय.

आर्ची माणूस वाईट नव्हता हो. मधमाश्या पाळायचा, भित्रा होता, आणि त्याला जे सांगितलं ते त्यानं मानलं. पंचांना आणि त्या दिवशी चर्चमध्ये बसलेल्या गावाला खरं ठाऊक होतं. पण बंदर गढीचं, घरं गढीच्या जमिनीवर, पाद्रीसुद्धा गढी नेमणार. जुना पाद्री बदलला, जुना कारकून वारला, वही पेटीत गेली. पहिल्या वर्षी सगळे भ्यायले म्हणून गप्प बसले. पुढे इतकी वर्षं गप्प बसलो म्हणून लाज वाटून गप्प बसले.

चोवीस वर्षं गेली अशी. ग्रीझेल आईच्या शेजारी ओळीत उभी राहून मिनिटाला पन्नास हेरिंग फाडायची. बापाचे मोठे कान, आईची जीभ. गावातल्या तरण्याबांड कोळ्यांनी मागणी घातली, पण हिला आवडला कोण? शाळामास्तर! मुंगो गेडिस. डोंगराकडचा, मान बारीक, होडीकडे नुसतं बघितलं तरी पोट ढवळायचं त्याचं. शाळामास्तर हाच चर्चच्या पंचांचा कारकून असतो, म्हणजे लग्नाचा पुकारा लिहायचा त्यानं आणि वाचायचाही त्यानंच.

"स्वतःच्याच लग्नाचा पुकारा स्वतः करणार का, मास्तर?" ग्रीझेल चिडवायची. "आवाज फुटला तर मी नाही म्हणेन हं."

पण पुकारा लिहायला बसला आणि मास्तरचा हात थांबला. नवरीच्या आईबापांचं नाव लिहावं लागतं. बापाची जागा कोरी सोडली तर नवा पाद्री 'अनौरस' असं वाचायला लावणार. तीन रविवार, सगळ्या गावासमोर.

इशबेल शिंपल्यांतून मांस काढत होती, गळाला लावायला. मान वर न करता म्हणाली, "वाचू देत. मी थोडीच तिथं असणार आहे?" आणि तेवढ्यात सुरी तिच्या बोटात गेली. इतक्या वर्षांत मी तिला कधी कापून घेतलेलं पाहिलं नव्हतं.

"मग मला लग्नच नको," ग्रीझेल म्हणाली. "माझ्या आईला पुन्हा त्या जागी उभं करून मला नवरा नको. राहा मास्तर तुम्ही तुमच्या शाळेत."

मुंगो शाळेत गेला, पंचांची पेटी उघडली आणि जुन्या वह्या चाळत बसला. पंचांनी त्या वेळी इशबेलबद्दल काय शब्द लिहिला होता तो बघावा, जरा मवाळ असेल तर तोच वापरावा, एवढाच त्याचा विचार. तिसऱ्या दिवशी तो धापा टाकत झोपडीत आला. कोटाखाली वही.

"मावशी, सुरी खाली ठेवा."

"का? पुन्हा कापेन म्हणून?"

"ठेवा हो!" आणि त्यानं वाचलं. "'आज पंचांसमोर शोल्टो, लॉर्ड डनॅरिक, आणि पोर्टलॉरीची इशबेल मेयर, उपनाव बो, हजर झाले. जून महिन्यात डॉड फिंडले आणि बेला मेयर यांच्यासमोर आपण नवराबायको झालो, असं दोघांनी कबूल केलं. चर्चला न विचारता लग्न केल्याबद्दल दोघांना समज दिली. ते कायदेशीर नवराबायको आहेत असं नोंदवून, एकमेकांना धरून राहा असं त्यांना बजावलं.'"

चुलीवरची किटली उकळत होती. कोणी उठलं नाही.

"समज कशाबद्दल दिली म्हणालास?" इशबेलनं विचारलं.

"चर्चला न विचारता लग्न केल्याबद्दल."

"लग्न केल्याबद्दल?"

"हो, मावशी."

"म्हणजे लग्न…"

"झालं होतं. म्हणूनच तर रागावले ना ते!"

इशबेलनं चुलीच्या लोखंडी दांडीवर हात ठेवला. कोळी असंच करतात, दैवाला डिवचायची भीती वाटली की गार लोखंडाला शिवतात. ते लोखंड गार कुठलं, चांगलं तापलेलं. तिला कळलंही नाही.

"माझं मन राखायला वाचत नाहीयेस ना तू?"

"थांब आई, मला बघू दे," म्हणून ग्रीझेलनं वही ओढून घेतली. तिला अडखळत वाचता यायचं. त्या ओळीवर बोट ठेवून तिनं एकेक अक्षर लावलं. "बा… य… को. आई, खरंच लिहिलंय. बायको."

मग इशबेल रडली. आधी आवाज न करता, मग शिंपल्यांची पाटी लाथाडून, गावातल्या एकूण एक पंचाला शिव्या देत. त्या शिव्या मी सांगणार नाही, खानदानी आहे मी. तिचं झाल्यावर तिनं शालीच्या टोकानं नाक पुसलं.

"मला तुमची गढी नको, काही नको," ती म्हणाली. "जिथं मला उभी केली, तिथंच हे वाचलं पाहिजे. एवढं कर, मास्तर, आणि पोरगी घेऊन जा."

मुंगोचा चेहरा उतरला. त्याची शाळा गढीची, घर गढीचं. पाद्रीच्या परवानगीशिवाय असलं काही वाचलं की सोमवारी त्याचं सामान रस्त्यावर.

"शिवाय हे खरं ठरलं तर तू लेडी होशील," तो ग्रीझेलला हळूच म्हणाला. "मी आपला मास्तरच."

"बंदरावरच्या बायका मला चोवीस वर्षं 'बो' म्हणतायत," ग्रीझेल म्हणाली. "तुम्ही काय म्हणायचं ते आपण मग ठरवू. घाम पुसा आधी."

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. आर्चीसाहेब वरच्या सज्जात, गढीच्या मखमली गादीवर. पाद्री अजून व्यासपीठावर चढला नव्हता. पुकाऱ्याची वेळ झाली. मुंगो उठला आणि आपल्या नेहमीच्या जागेवरून न बोलता चालत चालत त्या जागी जाऊन उभा राहिला. गावात कुजबुज झाली. ती जागा सगळ्यांना ठाऊक होती. इशबेल दारात उभी. आत पाऊल नाही, बाहेर नाही.

"विवाह योजिला आहे," मुंगोचा आवाज फुटलाच शेवटी, पण थांबला नाही. "मुंगो गेडिस, शाळामास्तर, आणि ग्रीझेल केल्डर, कैलासवासी शोल्टो, लॉर्ड डनॅरिक, आणि त्यांची धर्मपत्नी इशबेल मेयर बो यांची औरस कन्या, यांचा. कोणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी."

माझ्या अंगावर काटा आला म्हणायचं, पण अंग कुठे!

"थांबा!" वरून आर्ची ओरडला. तो भराभर जिना उतरून आला, चष्मा नाकावर तिरका. "हे काय चाललंय? कशावरून?"

मुंगोनं वही पुढे केली. आर्चीनं ती ओळ एकदा वाचली. पुन्हा वाचली. पानाची कड हातानं चाचपून बघितली. मग पंचांच्या बाकाकडे वळून त्यानं विचारलं, "हे खरं आहे?"

शेवटी वॉटी मेयर टोपी काठी टेकत उभा राहिला. ऐंशीचा म्हातारा.

"खरं आहे, साहेब. मी होतो तिथं."

"मग चोवीस वर्षं गप्प का बसलात?"

"तुमच्या बंदरात माझी होडी आहे, साहेब," वॉटी म्हणाला. खाली बसून त्यानं टोपीत तोंड लपवलं.

आर्चीनं वही आणखी घट्ट धरली. मला वाटलं आता हा ती फाडणार. एक पान, केवढंसं! मी पहिल्यांदाच एखाद्या माणसाची करुणा भाकली. माझ्यासाठी नाही हो. मी तर असाही ग्रीझेलवरच होतो, जगानं मानो न मानो. दारात उभ्या असलेल्या त्या बाईसाठी.

आर्चीनं वही मिटली नाही. तशीच उघडी मुंगोच्या हातात दिली, डोक्यावरची टोपी नव्हतीच तरी सवयीनं हात कपाळाशी नेला, आणि दाराकडे गेला.

"वहिनी," तो म्हणाला, "वर चला. ती जागा तुमची आहे."

इशबेल दारातून हलली नाही. "माझ्या अंगाला हेरिंगचा वास येतो. तुमच्या गाद्या खराब होतील."

"होऊ देत."

"मी कुठेही बसेन," ती म्हणाली. "आधी ते जुनं परत वाचायला सांगा. सगळं. तेव्हा मला ऐकू आलं नव्हतं."

मुंगोनं वाचलं. सावकाश, मुलांना शिकवताना वाचतात तसं. इशबेल मान वर करून ऐकत होती. 'एकमेकांना धरून राहा' हे आलं तेव्हा तिचे ओठ हलले. मग ती आत आली आणि कोळणींच्या बाकावर बसली. त्यांनी सरकून जागा केली.

पुढचं सगळं कागदी. एडिंबरा, मग लंडन, सात वर्षं. 'कोणती इशबेल मेयर? गावात सहा आहेत,' असं तिथल्या एका बड्या वकिलानं विचारलं, आणि वहीतल्या 'बो' ह्या एका अक्षरानं त्याचं तोंड बंद केलं. शेवटी त्यांनी जाहीर केलं की किताब ग्रीझेलचा. मला ते ती जन्मल्याबरोबर ठाऊक होतं, पण बड्या लोकांना वेळ लागतो. ग्रीझेल गढीत राहायला गेलीच नाही. "तिथं थंडीनं मरेन मी," म्हणाली आणि आर्चीला त्याच्या मधमाश्यांसकट तिथंच राहू दिलं. लेडी डनॅरिक शाळेमागच्या दोन खोल्यांत ओटच्या भाकऱ्या भाजायची, आणि मुंगो पाहुण्यांना सांगायचा, "बाईसाहेब आत आहेत, हात पिठात आहेत." आर्ची दर वर्षी स्वतः येऊन इशबेलला मधाचं भांडं द्यायचा. तिला मध आवडायचा नाही. पण तिनं त्याला ते कधी सांगितलं नाही.

इशबेल गेली एक्याऐंशीव्या वर्षी. दगडावर काय कोरायचं ते तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. आमच्याकडे बाईच्या दगडावर माहेरचंच नाव असतं. 'इशबेल मेयर बो. शोल्टो केल्डरची बायको.' ग्रीझेल म्हणाली, "आई, 'लेडी' लिहू दे ना." तर म्हणाली, "लेडी मी एक दिवससुद्धा नव्हते गं. बायको होते." तेव्हा मला थोडं लागलं, खोटं का बोला. चारशे वर्षांत माझ्यासाठी माणसं भांडली, खोटं बोलली, कोठीत कोंडली गेली. आणि ही बाई मला दगडावरसुद्धा घेईना.

आता माझं असं आहे की मला कामच उरलेलं नाही. गढी पडून गेली, लॉर्डांच्या सभेत आमच्यासारख्यांना कोणी विचारत नाही. सध्या मी ऊनाकडे असतो. ऊना गेडिस, ग्रीझेलच्या पणतूची मुलगी. बेचाळीस वर्षं एल्गिनच्या रस्त्यावर बस चालवून निवृत्त झाली. मूलबाळ नाही, भाऊबहीण नाही. ती गेली की मी कोणावर जाऊन बसायचं हे मला ठाऊक नाही, आणि बहुतेक कोणावरच नाही. हळहळू नका. तिच्याकडे मी मजेत आहे. लाइटबिलावर 'मिस गेडिस' येतं, मला त्याचं काही वाटत नाही. पाहुणे आले की ती बिस्किटांचा डबा काढते आणि माझं नावही काढत नाही. तुम्ही कधी ह्या किनाऱ्याला आलात तर माझी चौकशी करत बसू नका. वेळ थोडा असेल तर सरळ कबरस्तानात जा, समुद्राकडच्या कोपऱ्यात.

गेल्या आठवड्यात ऊना मला घेऊन तिथंच गेली होती. दीडशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यानं दगडावरची अक्षरं झिजलीत. तिनं त्यांना पुन्हा धार लावायला एक कारागीर बोलावला होता. त्यानं नाव वाचलं, ऊनाच्या तोंडाकडे बघितलं आणि टोपी मागं सारून म्हणाला, "मावशी, तुमच्या घराण्याचं मी ऐकलंय. जागा आहे इथं वर. 'लेडी डनॅरिक' कोरून देऊ का? दगडाला शोभेल."

मी कान टवकारले. म्हणजे, असते तर टवकारले असते.

ऊना गुडघ्यावर बसली आणि शेवटच्या शब्दावरून बोट फिरवलं. तो बोटाला लागत होता, पण जेमतेम.

"नको रे बाबा," ती म्हणाली. "तू हे 'बायको' तेवढं खोल कोर."